चौऱ्याऐंशी किलोंची स्प्रिंग

गाडी दादाची. म्हणजे आता माझी,
पण स्प्रिंगला ते कुणी सांगितलेलं नाही.
ती अजून चौऱ्याऐंशी किलोंची वाट बघत ताठ उभी,
आणि वर मी.

अंबडला, लेथच्या गाळ्यांमागे
दगू खैरनारचं गॅरेज. पाटी नाही.
दारात जुने शॉकअप टांगलेले, पडवळासारखे.
"वजन?"
"छप्पन्न."
"बूट-हेल्मेटसकट. खरं सांग."
"एकसष्ट."

मागच्या आसापासून मडगार्डवरच्या खडूच्या रेघेपर्यंत
टेप धरून तो उकिडवा बसला.
"बस. तोल नको सांभाळू, पोरगा धरतोय.
श्वास सोड."
मी सोडला.
"पंच्याहत्तर. शंभर पाहिजे."

पंच आणि हातोडीने रिंग सैल केली, चार घाव.
आता शंभर आले. मी खूश. उतरले.
त्याने पुन्हा टेप लावला, नुसत्या गाडीला,
आणि मान हलवली.
"कुणी बसलेलं नसताना साठ दबते.
एकटी असताना एवढी दबते ना,
ती स्प्रिंग तुझी नाही."

मी सातपूरला कंपनीत बुश तपासते,
गेज लावते, पास-नापास शिक्का मारते,
मिलिमीटरचा हजारावा भाग माझ्या नजरेतून सुटत नाही.
इथे अडीच सेंटिमीटर मी वर्षभर बुडाखाली घेऊन हिंडले
आणि दोष रस्त्याला दिला.

गोणीतून त्याने दुसरी काढली, पिवळा रंग उडालेली,
ओझरच्या कुण्या शर्यतवाल्या पोराची.
तो आता ट्रॅक्टर विकतो म्हणे.

सीटखाली चिठ्ठी सापडली,
पेट्रोलच्या पावतीमागे दादाचं अक्षर:
कॉम्प्रेशन ९, रिबाउंड ७.
तेवढ्यात त्याचाच फोन, हिंजवडीहून.
"सेटिंगला हात लावू देऊ नकोस कुणाला!
दोन वर्षं गेलीयेत माझी त्यात."
"तुझ्या वजनाची, दादा."
पलीकडे कुकरची शिट्टी, बाळाचं रडणं.
मग हळूच, "रिबाउंड किती ठेवलंस?"

विल्होळीच्या बंद खाणीत गेलो.
दगू लुना टेकवून सावलीत.
पहिला फेरा: खड्ड्यातून उठते न उठते तोच पुढचा,
मग त्याच्या पुढचा,
गाडी दबत गेली, दबत गेली,
शेवटी आदळली ती थेट माझ्या माकडहाडावर.
"उठायला वेळ मिळेना तिला," दगू म्हणाला.
"स्क्रू आधी पूर्ण बंद कर. मग मोजत उघड.
आपण कुठे आहोत ते बंदपासूनच मोजायचं."
टिक. टिक. टिक. कानाला नाही, बोटाला ऐकू येतं.

दुसरा फेरा: आता लाथ मारते, खेचरासारखी.
परत एक टिक.
एक टिक म्हणजे किती रे?
"वरणातलं मीठ," तो म्हणाला
आणि तंबाखू मळत बसला.

तिसऱ्या फेऱ्यात काय झालं मला नीट सांगता येत नाही.
खड्डे तेच. मुरूम तोच.
मी दात आवळले नव्हते एवढं नंतर लक्षात आलं.
पुढच्या फोर्कवर बांधलेली झिपटाय
तळापासून दोन बोटं वर येऊन थांबली होती.
दगूने बोटं लावून बघितली,
माझी नाही, स्वतःची, जाडजूड.
"चालेल."

दादाच्या ओळीखाली मी पेन्सिलने लिहिलं:
६१ किलो. कॉम्प्रेशन १३, रिबाउंड १२.
त्याची ओळ खोडली नाही.

"ही जुनी भंगारात टाकू?"
नको म्हटलं. दिवाळीत येईल तो, देईन.
फडक्यात गुंडाळून सॅकमध्ये घातली, दोनेक किलो असेल,
पट्टे आवळले आणि निघाले.
मागचं चाक तेवढंच थोडं जास्त दबलं असणार.
टेप दगूकडे होता.
कुणी मोजलं नाही.